आरसा घासायला बसवा

संपादक महोदय,

मुलांना तयार दुर्बीण ऑनलाइन मागवून देण्याऐवजी दुर्बिणीत लागणारा आरसा घासायला बसवा, असं अगदी मनापासून सांगायचंय. सहा इंची एफ/८ (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरशाला मधोमध खोली लागते जेमतेम १.२ मिलिमीटर, ती कार्बोरंडम (घासायची कडक पूड) घालून काचेवर काच घासून येते, मग पिचवर (डांबरासारखा चिकट थर) सेरियम ऑक्साइडच्या बारीक पुडीने पॉलिश, आणि खरी मजा त्यापुढे, टेस्टिंगला! फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोची १८५८ ची टेस्ट म्हणजे बारीक उजेड आणि आरशावरून परतलेला तो उजेड कापणारं एक ब्लेड, आरशापासून ९६ इंचांवर, बस्स, एवढ्यावर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका उंचवटासुद्धा आरशावर दिसणाऱ्या सावलीत कळतो. शाळेच्या लॅबमध्ये सहज जमेल हे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने दुर्बीण बनवायची शिबिरं घेतलीत, तशी जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हवीत आणि तुम्ही त्यांची माहिती आवर्जून छापा.

- एक वाचक