२०४८ चा मेसेज

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लाल सायरनच्या इमोजीसकट मेसेज फिरून राह्यला की २०४८ मध्ये अंटार्क्टिकाचा करार संपते अन मग तिथं खाणी सुरू. काहून पसरवता बाप्पा असं? १९५९ च्या मूळ करारात संपायची तारीखच नाही, खाणबंदी आली ती १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनं (म्हणजे याच कराराले जोडलेल्या पर्यावरणाच्या मसुद्यानं), अन २०४८ नंतर एखादा सल्लागार देश, म्हणजे करारात निर्णयाचा हक्क असलेला देश, फेरविचाराची बैठक मागू शकते एवढंच, बंदी आपोआप उठत नाही.

तिथल्या जमिनीवर सात देशांचे दावे आहेत, त्यातले अर्जेंटिना, चिली अन ब्रिटनचे तर एकावर एक चढलेले. आमच्याकडं वीतभर धुऱ्यासाठी भाऊ भावाचं डोकं फोडते, तिथं करारानं सगळ्यांचे दावे जागच्या जागी गोठवले, मले तर हे भारीच वाटते. आर्क्टिकचं तसं नाही, तिथं देश आहेत, माणसं राहतात, अन आर्क्टिक कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या देशांच्या मंडळात, भारत २०१३ पासून नुसता निरीक्षक.

आपल्या देशाची 'मैत्री' अन 'भारती' ही संशोधनाची स्टेशनं अंटार्क्टिकावर आहेत, २०२२ मध्ये अंटार्क्टिकासाठी कायदाही झाला, त्यावर एखादं पान छापा ना साहेब, म्हणजे ग्रुपवर तेच टाकता येईल.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ