पुस्तकांची भिंत कुठली, ते आधी ठरव

धुळे,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा रंगीत कागद, दोन्ही पोचलं. कागद आमच्याकडे सगळ्यांच्या हातून फिरून आला. तुझ्या इंटेरिअरवाल्यानं काढलेला हॉल झकास दिसतो, वादच नाही. फरशीपासून छतापर्यंत कप्पे, प्रत्येक कप्प्यात दिवा, निळी पुस्तकं एका बाजूला, पिवळी दुसऱ्या बाजूला, मधेच बुद्धाचं डोकं. पण बापू, त्या चित्रात पुस्तकं आहेत तरी किती? दादांची पुस्तकं, तुझी कॉलेजपासूनची, वहिनींचे दिवाळी अंकांचे गठ्ठे, हे सगळं मग माळ्यावरच राहणार. तसं असेल तर एवढा खर्च शोपीससाठी कशाला करतोस?

तू मत विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो. मागच्या वर्षी आमचा हॉल झाला, त्यामुळे सुतारकामाची भाषा अजून तोंडात आहे.

पहिली गोष्ट भिंतीची. त्यानं कप्पे पश्चिमेच्या भिंतीवर दाखवलेत. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि ती भिंत संध्याकाळी सातलासुद्धा हाताला चटका देते. तिला टेकून पुस्तकं उभी केलीस तर पाठीचा डिंक वाळून तडकेल, पानं सुटी होतील. समोरच्या भिंतीला खिडकी असेल तर सकाळचं ऊन थेट पुस्तकांवर येईल. मुखपृष्ठांचा लाल रंग सगळ्यात आधी उडतो, मग पिवळा. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको, ओल आज दिसत नसली तरी चार वर्षांनी दिसते. उत्तरेची भिंत किंवा घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत घे.

आता कुलर. हे पुण्यामुंबईच्या कुठल्याच मासिकात सापडणार नाही, कारण त्यांच्याकडे आपल्यासारखा कुलर चालत नाही. आपला तो भलामोठा पत्र्याचा कुलर खिडकीत बसतो आणि होळीपासून मृगापर्यंत खोलीत ओला वारा फेकतो. त्याच्या झोतात पुस्तकं आली की कागद रात्रभर ओल पितो आणि दुपारी लाइट गेली की कडकडीत वाळतो. असं अडीच-तीन महिने चाललं की पानांना लाटा येतात, पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकतो. आमच्या शेजारी एकांकडे ज्ञानेश्वरीची जुनी प्रत अशी फुगली की मिटतच नाही. म्हणून कुलरची खिडकी कुठली ते आधी, कप्पे नंतर. तुझ्या चित्रात कुलरच नाही! एसी लावणार असशील तर हा परिच्छेद सोडून दे, पण वहिनी बिलाचं काय म्हणतात तेही कळव.

लाकडाचं विचारलं आहेस. गावाकडचं धाब्याचं घर उतरवलं तेव्हा सागाच्या तुळया, म्हणजे सरे, आणि कड्या निघाल्या होत्या, त्या तशाच खळ्यात पडून होत्या. घेणारे येऊन जळाऊ लाकडाचा भाव सांगत. धुरानं काळ्याकुट्ट, वर चुन्याचे पोपडे, कुणालाही वाटावं की आता सरपणच. सॉ मिलवाला आधी हातच लावेना, कारण जुन्या लाकडात खिळा असला की त्याचं पातं जातं. मग मिस्तरीनं चुंबक फिरवून एकेक खिळा शोधला आणि जंबुऱ्यानं ओढून काढला. काही खिळे लोहारानं घडवलेले होते, चौकोनी अंगाचे. फळ्या पडल्या, पहिला रंधा फिरला आणि काळ्या सालीखालून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं. तेलकट उग्र वास अंगणभर. आई ओट्यावरून उठून आली, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, हा मधल्या खणाचा सरा. कशावरून ओळखलं कोण जाणे, पण ठाम होती.

तुझ्याकडे असं जुनं लाकूड असेल तर विकू नकोस. पण मिस्तरीला एक बजावून सांग, कडेचा पांढरट भाग काढूनच टाकायचा. सागाला वाळवी लागत नाही म्हणतात ते आतल्या पक्क्या लाकडापुरतं खरं, पांढरा भाग वाळवी सहज खाते. जुनं लाकूड नसेल तर सरळ १८-१९ एमएमचा चांगला प्लाय घे. एमडीएफ स्वस्त पडतो, रंगही सुरेख बसतो, पण पुस्तकांच्या वजनानं तो पोटात झुकतो आणि फरशी पुसतानाचं पाणी लागलं की खालून फुगतो. हॉलमधल्या टीव्हीखालच्या कपाटाला चालेल, पुस्तकांना नको.

वजनाचा अंदाज लोकांना येत नाही. एक फूट रांगेत साधारण आठ-दहा किलो पुस्तकं बसतात. चित्रातली फळी सलग पाच फुटांची आहे, म्हणजे एकेका फळीवर सिमेंटच्या गोणीएवढं ओझं. ती वाकणारच. दोन उभ्या फळ्यांमधलं अंतर अडीच फुटांच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि पुढच्या कडेला दीड इंची लिपिंग पट्टी उभी मारून घे. ती शोभेची वाटते, पण फळीला खरा आधार तीच देते. वरच्या बाजूनं दोन ठिकाणी भिंतीत स्क्रू हवेतच. तुझा धाकटा कप्प्यांना शिडी समजणार हे मी आत्ताच लिहून देतो.

कप्प्यांची खोली दहा इंच पुरे. डेमी आकाराचं आपलं नेहमीचं पुस्तक साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद असतं. इंटेरिअरवाले कपड्यांच्या कपाटासारखी पंधरा इंच खोली देतात, मग माणूस दोन रांगा लावतो आणि मागच्या रांगेतलं पुस्तक आपल्याकडे आहे हेच विसरतो. कप्प्याची उंची दहा इंच, दिवाळी अंकांसाठी एक कप्पा बारा इंचांचा. खालचा कप्पा जमिनीपासून चार इंच वर. मागे भिंतीपासून इंचभर फट.

काचा लावाव्यात की नाही, यावर आमच्याकडे बरंच भांडण झालं. बायकोचं म्हणणं, वैशाखातल्या वावटळीत खिडकी लावली तरी काळी माती आत येते, रोज कोण पुसणार? खरं आहे. माझं म्हणणं, काचेमागचं पुस्तक पाहुणा काढत नाही, नुसतं बघतो आणि "छान आहे हो" म्हणून चहाकडे वळतो. शेवटी वरच्या तीन ओळींना सरकत्या काचा आणि बसल्या जागी हात पोचेल त्या दोन ओळी उघड्या, असा तह झाला. उघड्या ओळींत वरचेवर लागणारं ठेवलं आहे. शब्दकोश, पंचांग, नातवंडांची चित्रांची पुस्तकं आणि बहिणाबाई. आणि सांगतो, घरात सगळ्यात जास्त वाचन याच दोन ओळींचं होतं. परवा गॅसवाला सिलेंडर ठेवून उभ्या उभ्या दोन पानं वाचून गेला.

काचेच्या कप्प्यांना मागून दोन-चार भोकं ठेव, नाहीतर पावसाळ्यात आत कोंदट वास धरतो. डांबराच्या गोळ्या मला सोसत नाहीत. आम्ही वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे ठेवतो.

आई पहिल्यांदा हॉलचं माप बघून म्हणाली होती, "आठे मानसं बठतीन का पुस्तकं?" म्हणजे इथे माणसं बसतील की पुस्तकं? तिचा मुद्दा आपल्या खानदेशच्या देवीचा, कानबाईचा होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, अख्खी भाऊबंदकी हॉलमध्ये जमते, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. चौरंग कुठे मांडायचा, बायका कुठे बसायच्या, हे पिढ्यांपासून ठरलेलं. म्हणून एक अख्खी भिंत आम्ही मोकळी सोडली आहे, तिच्यावर फोटोसुद्धा नाही. तुझ्या चित्रात चारही भिंती भरल्या आहेत. काकूंना एकदा विचार, त्या काय म्हणतात बघ. आणखी एक सोय झाली. कानबाईच्या आधी घर सारवायचं, रंगवायचं, भांडी घासायची, त्याच धांदलीत पुस्तकं काढून झटकून होतात, वेगळा दिवस काढावा लागत नाही.

रंगानुसार लावू नकोस रे. इथल्या राजवाडे मंडळात तुला नेलं होतं, आठवतं ना? १९२७ सालापासूनची संस्था, इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेले जुने कागद तिथे आहेत. लोकांच्या घरी माळ्यावर, कोनाड्यात पडलेले ते कागद नंतरच्या माणसाला हवं तेव्हा हाती लागतात, ते कुणीतरी विषयवार नोंदी केल्या म्हणून. आपल्याला नोंदवही नको, पण कविता एकीकडे, शेतीची पुस्तकं एकीकडे, एवढं तरी हवं. निळं पुस्तक द्या असं मागत कुणी येत नाही.

दिव्यांबद्दल थोडक्यात. कप्प्यातल्या दिव्यांच्या पट्ट्यांवर धूळ बसते आणि त्या एकेक करून बंद पडतात. कप्प्यांच्या समोर छताला एक पिवळसर दिवा लाव, पुस्तकाची नावं वाचता येतील असा. भिंतीचा रंग फिका ठेव.

तर आता असं कर. हॉलची लांबी-रुंदी, खिडक्या कुठल्या दिशेला, कुलर कुठे आणि दारं कुठल्या बाजूला उघडतात, एवढं कागदावर काढून पाठव. आमचा मिस्तरी श्रावणात मोकळा आहे, पण पोळ्यानंतर त्याला लग्नघरांची कामं लागतात, मग तो दिवाळीपर्यंत हाती लागत नाही. त्याला रोजावर लाव, उक्तं देऊ नकोस. जळगावला यायला तो तयार आहे, फक्त जेवणात भरीत-भाकरी हवी म्हणतो. वांगी अजून यायची आहेत म्हटलं, तर म्हणाला, शेवभाजी चालेल.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. वहिनींना सांग, दिवाळी अंक रद्दीत घालू नका, बारा इंचांचा कप्पा त्यांच्या नावानं धरला आहे.

तुझा,
अण्णा