शेजारच्या मशीनवरच्या सिस्टरना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, नाहीतर "मी काय केलं त्यात" म्हणून भांडाल. होटगी रोडच्या जिममध्ये सकाळी सहाला तुमच्या शेजारी रोइंगच्या, म्हणजे वल्हं मारल्यासारखं ओढायच्या मशीनवर बसणारे टॉवेलवाले काका, एवढी ओळख पुरे.

पहिल्याच दिवशी तुम्ही मशीनच्या पंख्याच्या बाजूचा, हवा कमी-जास्त करणारा खटका दहावरून चारवर आणलात. "दहावर ठेवून कंबर जाईल काका. आधी पाय लावा, हात शेवटी." राग आला होता, खरं सांगतो. पण पाचशे मीटरची वेळ त्याच आठवड्यात खाली आली.

मग मार्चमधली ती सकाळ. मनगटावरच्या घड्याळात ठोके १६८, लगेच ९२, परत १५४. ट्रेनर म्हणाला, सेन्सर गेला असेल. मीही मान डोलावली. धडधडतंय म्हणून एका दवाखान्यात गेलो होतो तेव्हा ॲसिडिटीची गोळीच मिळाली होती ना. तुम्ही मात्र हँडल सोडलंत, माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवलीत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलात.

"पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं की," मी म्हणालो.

"गप बसा की काका, मोजालीय मी. नाडी वेडीवाकडी असली की पूर्ण मिनिट मोजायचं असतं."

तीस वर्षं मागावर काढली मी. धोटा अडकला तर झोपेतही कळायचं. आणि छातीतला माग चुकत होता तर घड्याळाला शिव्या घालत होतो!

त्याच दिवशी तुम्ही ईसीजीला पिटाळलंत. एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात; तिथं रक्त साकळून गुठळी झाली आणि मेंदूत गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. घड्याळाचं कोडंही तुम्हीच सोडवलंत: कमजोर ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही, आणि हँडल आवळलेल्या हातात घड्याळाखालच्या त्या हिरव्या दिव्याला रक्ताची ये-जा धड दिसत नाही. आता छातीचा पट्टा आहे, तो हृदयाचा विद्युत संदेश पकडतो. तरी लय बिघडली का, हे ईसीजीवरच बघायचं, हे तुमचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आहे. सुताच्या हिशोबाची जुनी वही. आता तीत तारीख, पूर्ण मिनिटाची नाडी आणि 'चक्कर नाही'.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच परत मशीनवर बसलो. ठोके आवरणारी गोळी चालू, त्यामुळे २२० वजा वय हा हिशोब माझ्यापुरता बाद. मिनिटाला वीस ओढी, आणि ओढताना एक वाक्य धाप न लागता बोलता यायला हवं, हा तुमचा नियम. म्हणून तर रोज सुताचे भाव ऐकवतो. तुम्ही ऐकून घेता, त्याचेही आभार.

सोबत घरची शेंगाचटणी आहे. डबा परत करताना भरून पाठवू नका, तुमची ती सवय आहे.

आपला,
टॉवेलवाले काका