संज्या, ओमची टाच सुटतेय

नाशिक,
रविवार

प्रिय संज्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. घरी सगळं ठीक, आईचे गुडघे आहेत तसेच. हे फोनवर नीट बोलता आलं नसतं, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणारही नाही.

ओमने परवाच्या कराटेच्या परीक्षेत बस्साई दाई हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, केला. परीक्षक खूश, त्याचे बाबा खूश. मला मात्र सबंध कात्यात त्याची मागची टाच दिसत होती. दर झेनकुत्सूला, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताणून उभं राहताना, जमिनीपासून दोन बोटं सुटलेली! आपल्या सरांनी खपवून घेतलं असतं का रे हे?

पोराने पावसाळ्यापासून बॉक्सिंग, ज्युदो आणि कुस्तीची तालीम असं तिन्ही एकदम धरलंय. बॉक्सिंगमध्ये मागची टाच उचललेलीच असते, पाय सतत हलता हवा ना! आपल्या झेनकुत्सूत वजन पुढे ६०, मागे ४० टक्के, आणि मागची टाच जमिनीला रेटली तरच जोर कमरेतून मुठीत उतरतो. आपापल्या जागी दोन्ही बरोबर. पण एकाच महिन्यात अंगाला दोन्ही शिकवलं की ते मधलंच काहीतरी करून बसतं.

आता तू म्हणशील, "मी सांगतच होतो, एक धरावं आणि तेच घासावं." नाही संज्या, त्या भांडणात मी आजही तुझ्या विरुद्ध. १९२२ साली कराटेचे गुरू फुनाकोशी तोक्योला आले, तेव्हा ज्युदोचे संस्थापक कानो यांनीच त्यांना आपल्या कोदोकान या ज्युदो-शाळेत बोलावून कराटे दाखवायला सांगितलं. आपला पांढरा गी, म्हणजे गणवेश, आणि पट्टे ज्युदोकडूनच आले. फुनाकोशींचे शिष्य ओत्सुका यांनी तर जुजुत्सू ही जुनी जपानी झटापटीची विद्या आणि कराटे जोडून वाडो-र्‍यू ही कराटेची शैली उभी केली. दुसऱ्याकडून घ्यावंच. फक्त आपल्यात काय कमी आहे ते आधी बघावं, आणि एका वेळी एकच घ्यावं.

ओमच्या दोन गोष्टी कच्च्या आहेत. त्याला पडता येत नाही, म्हणून कुणी अंगाशी आलं की तो बिचकतो. आणि गुण मिळाला की हात खाली सोडतो, 'यामे', म्हणजे पंचाचं 'थांबा', ऐकायची सवय लागलेली.

पहिल्यावर उपाय ज्युदो. आठवड्यातून २ दिवस, ३ महिने, त्यात पहिला महिना निव्वळ उकेमी, म्हणजे न लागता पडायला शिकणं. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून ३० ते ४५ अंशांवर, आणि तळव्यापासून कोपरापर्यंत सबंध हात एकदम मॅटवर आपटायचा. आधी उकिडवं बसून, मग उभ्याने. घाबरून हात मागे टेकला की मनगट नाहीतर कोपर गेलंच म्हणून समज.

मग फक्त दे-आशी-बाराई, म्हणजे समोरच्याचा पुढे आलेला पाय झाडून त्याला पाडणं. आपली पोरं आशी-बाराई म्हणून सरळ लाथच घालतात. नडगीवर नडगी, आणि दोघंही लंगडत घरी. ज्युदोवाला तळपाय आत वळवून, करंगळीची कड मॅटला घासत, घोट्याखाली झाडतो, तेही समोरच्याचं वजन त्या पायावर येता येता. वजन पुरतं बसलं की खांबच हलवायचा. त्याच क्षणी त्याची बाही खाली ओढलेली असते. आपण ठोसा मारताना आयुष्यभर दुसरा हात कमरेशी रिकामाच ओढतो ना, त्यात खरं तर ही बाही असायला हवी. हे हाताला समजलं की काता बदलतोच. शिवाय स्पर्धेत पाडून लगेच मारलेल्या ठोशाला ३ गुण!

बॉक्सिंग त्यानंतर, आठवड्यातून एकदाच. ३ मिनिटांचा राउंड, १ मिनिट विश्रांती, आणि जॅब मारून मूठ सरळ गालाशी परत येते का एवढंच बघायचं. त्याच दिवशी घरी ५० ग्याकू-झुकी, म्हणजे मागच्या हाताचे ठोसे, सावकाश, अनवाणी. मागच्या टाचेखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून जोडीदाराने ओढायचा. निघाला, तर टाच सुटली.

तालमीतलं काय, पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, आलेल्यावर पाय मागे टाकून छाती दाबणं फार कामाचं, पण पुढच्या वर्षी. पकडीसाठी यशवंत व्यायामशाळेत मल्लखांब करू दे हवं तर. आणि गी दर वेळी धुवायला सांग; पावसाळ्यात ओला तसाच पिशवीत राहिला की नायटा सगळ्या वर्गाला.

पुण्यातलं घर लागलं का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिऊच्या दहावीवरून तिच्यामागे फार लागू नकोस.

ओम तुझं, म्हणजे काकाचं, ऐकतो, म्हणून तूच फोन कर. आधी कौतुक कर, कारण पोरात खरंच दम आहे, म्हणूनच जीव तुटतो. मग बॉक्सिंग ३ महिने आणि तालीम पुढच्या वर्षापर्यंत थांबवायला सांग. आणि तुझा तो जुना ज्युदोचा जाड गी माळ्यावर असेल तर येणाऱ्याबरोबर पाठव. ओम कराटेचाच पातळ गी घालून जातो, आणि पकडीत तो खांद्यापाशी उसवलाय.

तुझाच,
विन्या