टाइनहॅम : भुतांचे नव्हे, माणसांचे गाव

रविवार पुरवणीतील ‘इंग्लंडमधील भुताटकीचे गाव’ हा टाइनहॅमवरील लेख वाचला. शीर्षक खटकले. डॉर्सेट काउंटीतील हे गाव शापाने ओस पडले नाही आणि साथीनेही नाही. डिसेंबर १९४३ मध्ये लष्कराला सरावासाठी जमीन हवी होती, म्हणून नाताळच्या तोंडावर गाव व परिसरातील सुमारे २२५ रहिवाशांना घरे सोडावी लागली. जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली गेली : चर्च आणि घरे जपा; आम्ही एक दिवस परत येऊ, आणि गावाला मायेने वागवल्याबद्दल तुमचे आभार मानू. युद्ध संपले, पण १९४८ मध्ये सरकारने ती जमीन सक्तीने संपादित केली. माणसे परतलीच नाहीत. या चिठ्ठीचा लेखात उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो होतो. छप्पर नसलेल्या घरांपाशी फलक आहेत. कोणत्या घरात कोणते कुटुंब राहत होते, ते त्यावर लिहिले आहे. शाळा तर १९३२ मध्येच मुलांअभावी बंद झाली होती, तरी तिथे मुलांच्या नावांसह कोट अडकवायच्या खुंट्या जपल्या आहेत. त्या खुंट्यांपुढे मी बराच वेळ उभा होतो. जिथे प्रत्येक उंबऱ्याला नाव आहे, त्या गावाला भुताटकीचे म्हणणे हा तिथून उठवल्या गेलेल्यांवर अन्याय आहे. निदान त्या चिठ्ठीचा मजकूर तरी आपण छापावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे