सप्ताहाच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घेण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरोघरीच्या जुन्या कॅसेटींवरील कीर्तने, भारुडे आणि लग्नातली गाणी पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची लगबग सध्या आपल्या भागात दिसते. परभणीत तीस वर्षे रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेला माणूस म्हणून त्याबाबत थोडे लिहितो.

गेल्या महिन्यात पुतण्याने आमच्या गावच्या १९८७ सालच्या हरिनाम सप्ताहाची कॅसेट एका दुकानातून उतरवून आणली. बुवांचा आवाज वाकळेखालून यावा तसा येत होता आणि टाळ जवळजवळ ऐकूच येत नव्हते. टेपच गेली आहे, असे त्याला सांगण्यात आले होते. तीच कॅसेट मी माझ्या जुन्या डेकवर लावली, हेडच्या, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या, बाजूचा स्प्रिंगवरचा स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला आणि टाळांची किणकिण स्वच्छ ऐकू आली.

यात चमत्कार काही नाही. १९६३ साली फिलिप्सने आणलेली ही कॅसेट मुळात बोलणे टिपून घेण्यासाठी होती. तिची पट्टी चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद आणि वेग सेकंदाला अवघा ४.७६ सेंटिमीटर, त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या स्वराची एक लहर त्या पट्टीवर ४.७६ मायक्रॉनमध्ये, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतक्या जागेत बसते. ती वाचणारी हेडमधली फट टेपच्या चालीशी काटकोनात हवी. मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, मुद्रणाचा टेपवरचा पट्टा सुमारे दीड मिलिमीटर रुंद असतो आणि तिथे फट एका अंशाच्या पाचव्या भागाइतकी कलली, तरी हा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. फटीच्या या कलालाच आम्ही अझिमथ म्हणतो. प्रत्येक घरच्या टेपरेकॉर्डरचा कल निराळा असे, म्हणून एकाच जागी घट्ट केलेल्या हेडवर सगळ्या कॅसेटी वाजवणे हाच मुळात घोटाळा आहे.

जपानच्या नाकामिची कंपनीने १९७३ मध्ये तीन स्वतंत्र हेडचा डेक काढला आणि १९८२ च्या ‘ड्रॅगन’मध्ये तर वाजणाऱ्या टेपचा कल ओळखून हेड आपोआप वळवण्याची सोय केली. तसला डेक आपल्याकडे कुणाकडे असणार! पण ते यंत्र जे मोटरने करते, ते बारीक स्क्रू ड्रायव्हरने आणि कानाने करता येते. आधी स्क्रूच्या मूळ जागेवर रंगाची खूण करावी, आवाज मोनोवर ठेवावा आणि टाळ किंवा ‘स’ सर्वांत ठसठशीत ऐकू येईल तिथे थांबावे.

डॉल्बीचे, म्हणजे टेपची खरखर कमी करण्याच्या सोयीचे, बटणही तितकेच नडते. घरच्या साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटींना डॉल्बी नसतेच. वाजवताना मात्र बटण चालू राहिले, तर खरखरीसोबत वरचे स्वरही कापले जातात. खरखर काढून दिली म्हणून वर पैसे मोजणारी गिऱ्हाइकेही मी पाहिली आहेत. बाकी मोटरचा रबरी पट्टा सैल असेल तर स्वर डगमगतो आणि पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून पुढे ओढणारे रबरी चाक, मळला असेल तर टेप गुंतते. वर्षानुवर्षे बंद पडलेला डेक पट्टा बदलल्याशिवाय आणि हेड स्पिरिटने पुसल्याशिवाय आपल्या एकुलत्या कॅसेटसाठी लावू नये, ही विनंती.

दुकानदारांनी निदान पहिली दोन मिनिटे ऐकून स्क्रू जुळवावा आणि उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट फेकण्याचा सल्ला देऊ नये. पुतण्याची कॅसेट उलटल्यावर टाळ पुन्हा मंदावले, कारण दुसऱ्या बाजूचा कल वेगळा निघाला; काकड्याचे अभंग त्याच बाजूला होते, तेव्हा स्क्रू परत जुळवला.

आपला,
एक वाचक, परभणी