प्लुटोनियमच्या डब्यात काय आहे?

कोथरूड, पुणे

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अणुसंशोधन केंद्रात साठवलेले प्लुटोनियम कितपत सुरक्षित आहे हे ठरवताना आधी काय पाहावे, असे तू पुतण्याच्या निबंधासाठी विचारले आहेस. कोठाराच्या भिंती आणि दारावरचा पहारा यांपासून सुरुवात करावी, असे त्याचे म्हणणे दिसते. कुरकुंभची रसायनांची गोदामे तपासण्यात माझी नोकरी गेली. त्या सवयीने मी म्हणेन, की सुरुवात डब्याच्या आतून करावी.

जपानमधील ओआराई येथील अणुसंशोधन केंद्रातले प्रकरण त्याला नीट वाचायला सांग. ६ जून २०१७ रोजी तेथे युरेनियम व प्लुटोनियम असलेला जुना डबा तपासणीसाठी उघडत असताना आतली फुगलेली प्लास्टिकची पिशवी फुटली आणि पाच कर्मचाऱ्यांच्या अंगावर भुकटी उडाली. हे काम हवाबंद ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत नव्हे, तर समोरून उघड्या असलेल्या हूडमध्ये, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या कपाटात चालले होते. डबा १९९१ पासून साठवणीत होता. आतली भुकटी इपॉक्सी राळेत मिसळलेली होती, आणि प्लुटोनियममधून किरणोत्सार म्हणून सुटणाऱ्या अल्फा कणांच्या सततच्या माऱ्याने राळेचे विघटन होऊन वायू साचत गेला. मला सर्वांत खटकते ते हे, की १९९६ च्या तपासणीतच पिशवी फुगलेली आढळली होती; ती बदलली गेली, पण त्यातून घ्यायची सावधगिरी पुढच्या माणसांपर्यंत पोहोचलीच नाही. गोदामात फुगलेला ड्रम दिसला की आम्ही आधी नोंदवही मागवत असू, ते उगाच नव्हे.

अल्फा कण कातडी भेदत नाहीत, म्हणून काहीजण निर्धास्त असतात; परंतु तीच भुकटी श्वासावाटे फुफ्फुसात गेली, की तेथून यकृतात व हाडांत जाऊन वर्षानुवर्षे ठाण मांडते. त्यामुळे डबा शाबूत राहणे हाच मुख्य प्रश्न ठरतो. प्लुटोनियमच्या ऑक्साइडने, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग झालेल्या भुकटीने, शोषलेल्या ओलाव्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि उघड्या पडलेल्या प्लुटोनियम धातूचा बारीक चुरा आपोआप पेटू शकतो. यासाठीच अमेरिकेत दीर्घ साठवणीपूर्वी ऑक्साइड ९५० अंश सेल्सिअसला तापवून, ओलावा अर्ध्या टक्क्याखाली आणून, एकात एक अशा दोन वेल्ड केलेल्या पोलादी डब्यांत भरतात. शिवाय मालही जैसे थे राहत नाही: त्यातल्या प्लुटोनियम-२४१ या प्रकाराचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, सुमारे १४ वर्षांचे असून त्यापासून अमेरिशियम-२४१ हे दुसरे किरणोत्सारी द्रव्य तयार होते, त्याचे भेदक गॅमा किरण डब्याबाहेर पडतात, आणि जुना डबा हाताळणाऱ्याला नव्यापेक्षा किरणोत्साराची अधिक मात्रा बसते.

डब्यांमधल्या अंतराचा विचार वेगळा करावा लागतो, कारण पुरेसे प्लुटोनियम जवळजवळ आले, की एका अणूच्या फुटण्यातून सुटलेले न्यूट्रॉन कण पुढचे अणू फोडत जातात; हीच साखळी अभिक्रिया. द्रावणात मिसळलेले सुमारे अर्धा किलो प्लुटोनियमही प्रतिकूल परिस्थितीत साखळी अभिक्रिया सुरू करू शकते, कारण पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते आणि मंद न्यूट्रॉन अणू अधिक सहज फोडतात. म्हणून आग विझवायला पाणी मारावे की नाही, हे आग लागण्याआधीच ठरलेले असावे लागते. २०११ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील अणुप्रयोगशाळेत छायाचित्रासाठी प्लुटोनियमच्या आठ कांड्या शेजारी-शेजारी मांडल्या गेल्या. सुदैवाने काही झाले नाही, पण जाणत्या लोकांनी हे करावे म्हणजे कमालच म्हणायची.

पहारा चोरीसाठी हवाच. त्याविषयी वाद नाही. मात्र पुतण्याने डबा कधी भरला, सोबत कोणते प्लास्टिक वा राळ ठेवली, शेवटचा कोणी आणि केव्हा उघडला, हे रकाने आधी आखावेत, आणि जो रकाना कोरा राहील त्या डब्यात दाब आहे असे गृहीत धरूनच पुढची पायरी ठरवावी. मसुदा तयार झाला की त्याला घेऊन इकडेच ये.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर